साइड पॅनेलची चीर: मित्रास पत्र

जळगाव,
वैशाख

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या मोटारसायकलच्या साइड पॅनेलचा फोटो मिळाला. पॅनेल गाडीत अडकवायच्या खुंटीपासून कडेकडे गेलेली ही चीर भरून येण्यासारखी आहे, नवं पॅनेल घेऊ नकोस. चटकन चिकटणारी ट्यूब मात्र त्यावर पिळू नकोस. तिचा जोड ठिसूळ असतो, गाडीच्या थरथरीने पुन्हा तिथूनच सुटतो, आणि तो थर खरवडायचं काम वाढतं ते वेगळंच. त्याऐवजी त्याच जातीच्या प्लास्टिकचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये, म्हणजे प्लास्टिक विरघळवणाऱ्या द्रवात, विरघळवून लगदा करायचा नि तो चिरेत भरायचा.

आधी प्लास्टिक ओळख. आतल्या बाजूला एबीएस किंवा पीपी असा प्लास्टिकच्या जातीचा बारीक ठसा असतो. शेतातलंच बघ ना: सबमेनचा पीव्हीसी पाइप सोल्युशनने जुळतो, ठिबकच्या काळ्या नळीला सोल्युशन धरत नाही, तिथे जॉइनरच लागतो. एबीएस त्या पाइपसारखं, पीपी त्या नळीसारखं. ठसा दिसत नसेल तर मागच्या बाजूला अ‍ॅसिटोनचा थेंब टाकून काडीने चोळ. चिकट झालं तर एबीएस. कोरडंच राहिलं तर पीपी समज आणि प्लास्टिक वेल्डिंगवाल्याकडे जा, हा उपाय तिथे चालत नाही.

अ‍ॅसिटोन प्रयोगशाळेचं केमिकल विकणाऱ्या दुकानातून आण. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये पाणी नि तेल मिसळलेलं असतं, काहींत तर अ‍ॅसिटोनच नसतं. गॅरेजमधून एबीएसचं तुटकं पॅनेल माग, त्याचा रंग खरवडून तांदळाएवढे तुकडे कर. 10 ग्रॅम तुकड्यांना 30 मिली अ‍ॅसिटोन, पत्र्याच्या झाकणाच्या काचेच्या बाटलीत. थर्माकोलचा कप घेशील तर तोच विरघळेल. रात्रभर ठेवून सकाळी ढवळ. काडीवरून मधासारखी तार सुटली की लगदा तयार. घट्ट वाटला तर थोडं अ‍ॅसिटोन घाल.

आता आपल्याकडच्या उन्हाचं. अ‍ॅसिटोन 56 अंशांना उकळतं आणि वैशाखात आपला पारा 44-45 ला टेकतो. दुपारी लावलास तर वरची साय लगेच धरते, आतलं अ‍ॅसिटोन कोंडून फुगे येतात. म्हणून सकाळी सहा-सातलाच बस, घराबाहेरच्या ओट्यावर, सावलीत. अ‍ॅसिटोनची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. जवळपास चूल, गॅस, बिडी काही नको.

पॅनेल साबणाने धू, चेनचं तेल राहिलं तर जोड धरणार नाही. चिरेच्या टोकाला 2 मिमीचं भोक पाड, नाहीतर चीर पुढे सरकते. बाहेरून टेप लावून दोन्ही कडा जुळव. आतून ब्लेडच्या तुकड्याने व्ही आकाराची खाच काढ, जाडीच्या निम्म्यापर्यंत. कडांना ब्रशने अ‍ॅसिटोनचा एकच हात दे. जास्त ओतलंस तर ताणात असलेल्या प्लास्टिकला बारीक तडे जातात, आणि बाहेर ओघळलं तर रंग नि स्टिकर दोन्ही गेले म्हणून समज. मग लगदा भर, 1 मिमीहून जाड थर नको. दोन थरांत चार-पाच तास जाऊ दे. दुसऱ्या थरात स्टीलच्या बारीक जाळीची पट्टी दाब, चिरेच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंद. खरी ताकद तिथून येते.

अ‍ॅसिटोन उडालं की लगदा आकसतो, खाच बसलेली दिसते. त्यात बिघडलं काही नाही, अजून एक थर दे. शेवटच्या थरानंतर दोन दिवस हात लावू नकोस. नख दाबून खूण उमटली तर आत अजून ओल आहे, अशात स्क्रू आवळलास तर पॅनेल वाकडं होईल. मग 120, 220, 400 नंबरचा पॉलिश पेपर, प्राइमर, रंग.

हाच लगदा हेल्मेटच्या तड्याला कधीच लावू नकोस, अ‍ॅसिटोनने कवचच कमजोर होतं. टेललाइटच्या काचेलाही नको, ती पांढुरकी पडते.

आणि पॅनेल बसवण्याआधी खुंटीचा रबरी बुश, म्हणजे धक्का झेलणारी रबराची कडी, बघ. तो कडक झाला किंवा गळून पडला की पॅनेल सरळ चॅसीवर आपटतं. तुझी चीर खुंटीपासूनच सुरू झालीय, त्यामुळे मला संशय त्याचाच. नवा बुश घाल, स्क्रूला वॉशर दे, आणि बसला की थांब, पिळू नकोस.

पहिला थर वाळला की आतल्या बाजूचा फोटो पाठव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र