थडग्यांचे दगड कुठे टाकले, मंत्रिमहोदय?

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

कोल्हापुरातल्या आमच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत गेल्या आठवड्यात सुशोभीकरणासाठी जेसीबी घातला. भिंतीकडेची अख्खी रांग उखडून दगड मातीसकट डंपरमध्ये भरले. आम्हाला विचारल्याशिवाय एकही दगड हलणार नाही, हा शब्द आपणच दिला होता. मुकादमाला अडवलं तर म्हणाला, ‘वरनं ऑर्डर हाय.’

वर कोण, ते आपण सांगावं.

आम्ही तिथे काय करत होतो, तेही वाचा. घाणेरी आणि सुबाभूळ कोयत्यानं बुडाशी तोडायची, ओढायची नाही. फटीत रुजलेला पिंपळ उपटला तर थडगंच उकलतं. शेवाळ साध्या पाण्यानं, मऊ ब्रशनं काढायचं. ॲसिड संगमरवर खातं. झिजलेला लेख भर दुपारी दिसत नाही. उन्हं कलली की आरशानं बाजूनं उजेड टाकायचा, मग अक्षरं उठतात. एका पाटीवरची शिशाची अक्षरं कधीच गळून गेली होती, ती बसवायला पाडलेली भोकं तेवढी राहिली होती. त्या भोकांवरून कॉलेजच्या पोरींनी एका लेकराचं नाव लावलं. वय अकरा महिने. ती पाटी त्याच डंपरमध्ये गेली.

‘गोऱ्यांची थडगी, त्यांचं काय एवढं?’ असं आपल्या माणसांनी ऐकवलं. रॉयल वाइल्डर हे मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले हे खरं, पण तिथे निजलेली बहुतेक माणसं इथलीच आहेत. शाळामास्तर, नर्सबाई, कंपाउंडर. माझी पणजी प्लेगात गेली, ती तिथेच आहे. दफनाच्या वहीची तेवढी पानं वाळवीनं खाल्ली. ती या गावात जगली, याला त्या काळ्या दगडाशिवाय दुसरा पुरावा नाही. तो अजून जागेवर आहे. किती दिवस, हे मला रात्री झोपू देत नाही.

माझे गुडघे गेलेत. पेन्शनीतून मजुरी दिली, घरच्यांची बोलणी खाल्ली. आपल्या दारात तासन्‌तास उभा राहिलो, तेव्हा साहेब मीटिंगमध्ये होते. माहिती अधिकारात 30 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ते कितीतरी उशिरा आलं आणि त्यात काय, तर ‘सदर अभिलेख आढळून येत नाही’. जमीन एका टेबलावर ट्रस्टची असते, दुसऱ्यावर सरकारी. जेसीबी आणताना मात्र मालकी कुणाची, हा प्रश्न कुणालाच पडला नाही! मृतांच्या जागा राखणं हे महापालिकांचं बंधनकारक कर्तव्य आहे, 1949 च्या अधिनियमात कलम 63 वाचा. सुशोभीकरणाला लाखो रुपये मंजूर झाले म्हणतात. नोंदी ठेवायला एक रजिस्टर मिळालं नाही. राजर्षी शाहूंचं नाव घेतल्याशिवाय ज्यांचं भाषण सुरू होत नाही, त्यांच्या राज्यात गरिबाच्या मढ्यालाही जागेचा उतारा दाखवावा लागतो. ख्रिस्ती, लिंगायत, मुसलमान, सगळ्यांची हीच रड आहे. मतं मोजून कामं होतात आणि मेलेल्याला मत नसतं.

डंपर कुठे रिकामा केला, ते लेखी कळवा. दगड आम्ही हातांनी वेचून आणू, तुमचा मजूरही नको. तोवर तिथे यंत्र घालू नका. आमच्या नोंदींची आणि नकाशाची प्रत सरकारी दप्तरात सही-शिक्क्यानिशी दाखल करून घ्या, आणि पोच द्या.

आपला,
दफनभूमीतला एक स्वयंसेवक, निवृत्त शिक्षक
कोल्हापूर