रातांब्याचे पैसे आणि नानांचा कागद

आदरणीय नानांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर एका दुपारी मी ८०,००० रुपयांचा आकडा डोक्यात आणि तीन जणांचे तीन सल्ले कानात घेऊन आपल्या ओटीवर आले, त्याला आता वर्ष होईल. आपले आभार मानायचे राहूनच गेले होते. हे पत्र आपल्या हाती न देता सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण त्या दिवशी आपण मला जो प्रश्न विचारलात, तो आमसुले, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि फणसपोळीवर वर्षाचे गणित बसवणाऱ्या आमच्या दापोली तालुक्यातल्या बायकांना सहसा कुणी विचारत नाही.

मी विचारले होते, "नाना, सगळ्यात जास्त व्याज कुठे मिळेल?" आपण उत्तर दिले नाहीत. मुलीच्या वहीतला एक कागद मागून घेतलात, त्यावर चैत्रापासून फाल्गुनापर्यंतचे बारा महिने उभे लिहिलेत आणि म्हणालात, "यातला कोणता रुपया कोणत्या महिन्यात लागणार, ते आधी सांग." एप्रिल-मेमध्ये रातांबे (कोकमाची फळे), साखर आणि मीठ घेण्यासाठी मला २५,००० रुपये लागतात, ते गणपतीला आलेले चाकरमानी माल घेऊन गेले की परत हाती येतात आणि पुढच्या एप्रिलपर्यंत नुसते पडून राहतात. पासबुकात दिसतात म्हणून मी त्यांना शिल्लक समजत होते. आपण त्या आकड्यावर रेघ ओढून लिहिलेत, "ही शिल्लक नव्हे, हे भांडवल." पोस्टात सारी नोकरी केलेल्या माणसाकडून मी एखाद्या योजनेचे नाव अपेक्षिले होते, मिळाला तो माझ्याच धंद्याचा हिशेब, जो मी बारा वर्षांत एकदाही कागदावर मांडला नव्हता.

दुसरी रेघ वादळाची होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा आमच्या पडवीचे पत्रे उडाले आणि पोफळी अर्ध्यातून मोडल्या. कित्येक दिवस वीज नव्हती, फोन लागत नव्हते. त्या दिवसांत मुदत ठेवीच्या पावतीवर कुणी पत्रे दिले नसते. म्हणून २०,००० रुपये बचत खात्यात आणि त्यातले थोडे घरात रोख ठेवावेत, त्यावर व्याज कमी मिळते याची खंत करू नये, असे आपण सांगितलेत. उरले ३५,००० रुपये, आणि खरा निर्णय काय तो एवढ्याच पैशांचा होता. हे कळल्यावर छातीवरचे निम्मे ओझे उतरले.

आता त्या तीन सल्ल्यांविषयी. चुलत दिरांनी आणलेल्या योजनेत पैसे तीन वर्षांत दुप्पट होणार होते. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागले की व्याजाच्या दराचा अंदाज येतो, म्हणून आपण ७२ ला ३ ने भागायला लावलेत आणि उत्तर आले २४, म्हणजे दरसाल साधारण चोवीस टक्के. मग विचारलेत, "ज्याचा धंदा खरा आहे त्याला बँक याच्या निम्म्या व्याजाने कर्ज देईल, मग तो तुझ्याकडे का येतो?" या प्रश्नावर दिरांकडे उत्तर नव्हते, आणि तेही आता माझ्याकडे तो विषय काढत नाहीत.

सासऱ्यांच्या वेळेपासून ओळखीच्या असलेल्या एका पतसंस्थेचा दर बँकेपेक्षा चांगला होता. तेव्हा आपण मला एक फरक समजावलात, जो माझ्या शेजारणींपैकी एकीलाही ठाऊक नव्हता. बँक राष्ट्रीयीकृत असो वा सहकारी, तिच्यातल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे (२०२० पूर्वी ही मर्यादा एकच लाख होती), पण पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. पाटी, काउंटर आणि पासबुक दोन्हीकडे सारखेच दिसते, म्हणून माणूस फसतो. सगळ्या पतसंस्था वाईट असतात असे आपण म्हणाला नाहीत, हेही इथे नमूद करते.

तिसरा सल्ला मोडणे सर्वांत जड गेले, कारण विमा पॉलिसी घेऊन आलेली बाई माझ्या शाळेतली मैत्रीण होती. दरवर्षी १२,००० रुपये पंधरा वर्षे भरायचे आणि शेवटी सुमारे अडीच लाख मिळायचे, हे ऐकायला भरघोस वाटत होते. आपण दाखवून दिलेत की हा दर वर्षाला चार टक्क्यांच्या आसपास पडतो, आणि तेच हप्ते पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या भविष्य निर्वाह निधी खात्यात, ७.१ टक्क्यांनी भरले तर सव्वातीन लाख होतात. पीपीएफचा दर सरकार बदलू शकते आणि विम्याची गरज असेल तर तो निव्वळ विमा म्हणून वेगळा घ्यावा, या दोन गोष्टीही आपण न विसरता जोडल्यात. मैत्रीण महिनाभर बोलली नाही. शिमग्याला पालखी नाचवताना पुन्हा हसली.

मुलगी तेव्हा आठवीत होती. सुकन्या समृद्धी खाते दहा वर्षांच्या आतच उघडता येते, हे ऐकून मला फार चुटपुट लागली. ती वेळ आमच्या हातून गेली होती आणि आपणही उगाच समजूत घातली नाहीत. तिच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षासाठी २०,००० रुपयांचे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र ७.७ टक्क्यांनी घेतले. पाच वर्षांनी त्याचे २८,९८० रुपये होतील आणि मधल्या काळात दर उतरला तरी या प्रमाणपत्राचा उतरणार नाही. १०,००० रुपये भरून पीपीएफचे खाते उघडले, तेही महिन्याच्या चार तारखेला, कारण पाच तारखेनंतर भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचे व्याज मिळत नाही. दोन्ही अर्जांवर नामनिर्देशनाचा रकाना रिकामा दिसताच आपण ते माझ्याकडे परत सरकवलेत. सासूबाईंच्या पासबुकावर कुणाचेच नाव नसल्यामुळे आम्ही घातलेल्या हेलपाट्यांची तेव्हा मला आठवण झाली.

एका बाबतीत मात्र मी आपले ऐकले नाही. शेअर बाजाराचे नाव काढताच आपण हात जोडलेत. तरीही उरलेल्या ५,००० रुपयांतून मी मुंबईच्या भाच्याच्या मदतीने निफ्टीच्या इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निफ्टी या निर्देशांकाबरोबर वरखाली होणाऱ्या फंडात) महिना ५०० रुपये दहा महिने भरले. २०२० च्या जानेवारीत १२,००० च्या वर असलेला निफ्टी मार्चमध्ये ८,००० च्या खाली आला होता आणि वर्ष संपण्याआधी पुन्हा वर गेला होता, हे मी त्याच्याकडून आधी समजून घेतले. हे पैसे कुठल्याच महिन्यासमोर लिहिलेले नाहीत, म्हणजे आपलाच नियम मी पाळला आहे, असे माझे म्हणणे आहे. आपल्याला ते पटणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

यंदाच्या एप्रिलमध्ये पहिल्यांदाच रातांबे उधारीने घ्यावे लागले नाहीत. रोख मोजल्यामुळे मला फळ निवडून घेता आले. तो कागद पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात आहे. वैशाखासमोर माझ्या बोटांचा लाल डाग पडला आहे, पण आकडा वाचता येतो. सोबत आगळाची एक बाटली पाठवत आहे. आपल्याला रक्तदाबामुळे मीठ कमी हवे असते म्हणून यात ते नेहमीपेक्षा कमी घातले आहे. त्यामुळे ते फार टिकणार नाही, तरी लवकर संपवावे.

आपली नम्र,
अंजर्ल्याजवळच्या वाडीतली आमसुलेवाली