अण्णा, ती कार्डं भंगारात देऊ नका

स्टुटगार्ट, रविवार, ११ जानेवारी २०२६

ती. आई आणि अण्णा, साष्टांग नमस्कार. छोटीला खूप खूप आशीर्वाद.

छोटे, हे लांबलचक झालंय म्हणून फाइल करून पाठवतेय. रात्री जेवणं झाली की अण्णांना वाचून दाखव, ऑपरेशननंतर त्यांना मोबाईलमध्ये फार बघू देऊ नको. परवा फोनवर मी मधेच गप्प झाले तेव्हा आईला वाटलं नेट गेलं. नेट गेलं नव्हतं. आई सहज बोलून गेली की लग्नाआधी घराला रंग काढायचाय, माळा रिकामा करायचाय, अण्णांची मागावरची जुनी भोकांची कार्डं भंगारवाल्याला देऊन टाकू, आणि मला काय बोलावं तेच सुचेना. म्हणून आज लिहायला बसले, रविवार आहे, इथे रविवारी दुकानंसुद्धा बंद असतात.

आधी तुमच्या काळज्या. मी बरी आहे. जेवते. आई, तू "काय जेवलीस" विचारतेस आणि मी "भात" म्हणते तर तुला वाटतं नुसता भात, नुसता नसतो गं, वरण असतं, भाजी असते. पुण्याच्या मुलीबरोबर पाठवलेल्या कडक भाकरी अजून अकरा शिल्लक आहेत, मोजून खाते, शेंगाचटणी मात्र संपत आली. बर्फ पडलाय पण घरात हीटर असतो, बाहेर जाताना तीन कपडे घालते, आणि झोपताना आपली चादर आहेच, त्या चादरीत इथल्या रजईपेक्षा चांगली झोप लागते. रात्री स्टुडिओतून उशिरा निघते हे खरं आहे, पण एकटी नसते, वर्गातली एक कोरियन मुलगी याच लाईनवर राहते, दोघी मिळून शेवटच्या ट्रेनने येतो. बेकरीतलं काम पहाटेचं आहे, रात्रपाळी नाही, अण्णांना नीट सांग. आणि कायद्यात बसेल तेवढंच करते, त्याच्यावर एक तासही नाही.

आता एक गोष्ट सांगते जी मला सहा महिने कळली नव्हती. गेल्या आठवड्यात दार उघडलं तर बाहेर हँडलला एक पाटी लटकवलेली, लाकडी, दोरीने बांधलेली. त्यावर लिहिलंय केरवोखे. वोखे म्हणजे आठवडा, आणि केर म्हणजे, आई, जवळपास आपला केरच! झाडण्याचा आठवडा. या भागात जुन्या बिल्डिंगीत अशी पद्धत आहे की जिन्याची झाडलोट पाळीपाळीने करायची. ज्याच्या दाराला पाटी, त्याचा आठवडा. त्यातही दोन प्रकार, लहान आणि मोठी. लहान म्हणजे आपल्या मजल्यासमोरची जागा आणि खाली उतरणाऱ्या पायऱ्या, झाडायच्या आणि ओल्या फडक्याने पुसायच्या. मोठी म्हणजे तळघर, मुख्य दार, बाहेरचा फुटपाथ, आणि थंडीत फुटपाथवरचा बर्फसुद्धा, तोही सकाळी सातच्या आत, कारण कोणी घसरून पडलं तर जबाबदारी आपल्यावर. आणि गंमत अशी की जिना स्वच्छ असला तरी झाडायचा. मी पहिल्यांदा बघितलं, एक कागदाचा कपटा नाही, म्हटलं काय झाडायचं, आणि पाटी तशीच शेजारच्यांच्या दाराला लावून टाकली. संध्याकाळी पाटी परत माझ्या दाराला! खालच्या मजल्यावरच्या आजींनी आणून लावलेली. मी भीत भीत खाली गेले. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, झाडलेलं दिसायला पाहिजे, आणि मग स्वतःच बादली कुठे ठेवतात, फडकं किती पिळायचं, कठडा वरून खाली कसा पुसत यायचा हे अर्धा तास दाखवलं. त्यांच्याकडून कळलं की या शहरात प्रत्येकाने आपापल्या दारापुढची घाण काढावी असा हुकूम १४९२ सालापासून आहे, आणि सरकारी सक्ती १९८८ साली उठली तरी घरमालक करारात लिहून घेतातच. रविवारी मात्र करायचं नाही, रविवारी शांतता पाळायची, काचेच्या बाटल्यासुद्धा त्या दिवशी डब्यात टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. म्हणजे शनिवारपर्यंत उरकायचं आणि मग पाटी पुढच्या दाराला. हे सगळं एवढं सविस्तर का सांगतेय, कारण काल पायऱ्या पुसताना मला तू दिसत होतीस आई, पाणी पाच दिवसांनी येवो नाहीतर सहा, दारात सडा पडल्याशिवाय तुझा चहा झालेला नाही कधी. त्या आजींना मी तुझ्याबद्दल सांगितलं. पाणी रोज येत नाही हे मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आता अ‍ॅनिमेशनच्या कॉलेजचं. अण्णा, तुम्ही विचारलंत की एवढं वर्षभर नक्की करतेस काय. खरं सांगायचं तर वर्षभर मी नुसती धावत होते. सोमवार ते गुरुवार क्लास, त्यात दर आठवड्याला काहीतरी जमा करायचं, एकदा तोंडाच्या हालचाली आवाजाशी जुळवून दाखवा, एकदा पीठ भरलेलं पोतं उडी मारताना दाखवा, त्यात इतिहासाचा पेपर, त्यात सॉफ्टवेअर. आणि या सगळ्याच्या पोटात शेवटची फिल्म, तीन मिनिटांची, स्वतःची. सगळ्यांच्या गोष्टी ठरल्या आणि माझी ठरेना. रोज रात्री वही उघडायची, दोन चित्रं काढायची, फाडायची, की लगेच दुसऱ्या दिवशीचा होमवर्क. सुचणं म्हणजे असाइनमेंट संपल्यावर उरलेल्या वेळात करायचं काम असं झालं होतं, आणि उरलेला वेळ म्हणून काही नसतोच. फोनवर मी "मस्त चाललंय" म्हणायचे ना, तेव्हा हे चाललेलं होतं. सांगितलं नाही कारण आईने लगेच अंगारा पाठवला असता.

मग नोव्हेंबरात वजनाचा अभ्यास आला. जड वस्तू उचलून चालणारा माणूस काढायचा. बाकीच्यांनी खोकी घेतली, मी आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतला नंदीध्वज घेतला, ती उंच जड काठी. पहिल्यांदा काढला तेव्हा सर म्हणाले, याच्या हातात कापूस आहे. बरोबर होतं त्यांचं. मग मी चुलतभावाने गेल्या यात्रेत काढलेला व्हिडिओ लावला, एकेक फ्रेम थांबवून. अण्णा, तुम्हाला माहीत असेल, मला नव्हतं माहीत: काठी कलायच्या आधी माणूस कलतो. वर टोक हलायच्या आत खाली कमर सरकलेली असते. पावलं अगदी जवळ जवळ पडतात, टाच पूर्ण उचलतच नाही, आणि मान वर असते, तो काठीकडे बघत असतो, रस्त्याकडे नाही. बाराबंदीच्या, म्हणजे त्या पांढऱ्या अंगरख्याच्या, घोळाला थांबायला माणसापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. हे सगळं परत काढलं, ९६ चित्रं, आठ सेकंदं. सरांनी तीनदा लावायला सांगितलं आणि काही बोललेच नाहीत, फक्त मान हलवली. लहानपणी तुमच्या खांद्यावर बसून सातही काठ्या बघितल्यात मी, पण बघितल्या म्हणजे काय ते आत्ता कळलं.

पण फिल्म अजून नव्हतीच. ती सापडली ट्युबिंगनला. स्टुटगार्टपासून तासाभरावर आहे, पासात बसतं म्हणून एका शनिवारी बेकरीतूनच गेले. तिथल्या म्युझियममध्ये लोट्टे रायनिगर नावाच्या बाईंचं काम ठेवलंय. १८९९ साली बर्लिनला जन्मलेल्या. काळा कागद आणि पुठ्ठा कात्रीने कापून बाहुल्या करायच्या, सांधे तारेने जोडायचे, खालून उजेड असलेल्या काचेवर ठेवून केसभर सरकवायच्या आणि वरून एक फोटो, परत केसभर, परत फोटो. अशी त्यांनी १९२३ ते १९२६ अशी तीन वर्षं बसून तासाभराहून मोठी फिल्म केली, एवढ्या लांबीच्या अ‍ॅनिमेशन फिल्मांमधली आज शिल्लक असलेली सगळ्यात जुनी तीच. मी त्या कापलेल्या पुठ्ठ्यासमोर उभी होते आणि मला आपला माळा आठवला.

अण्णा, आम्ही ज्या कागदावर काढतो त्याला खाली तीन भोकं पाडलेली असतात, मधे गोल आणि दोन्ही बाजूंना चपटी. ती एका पट्टीच्या खुंट्यांत बसवायची, म्हणजे हजार कागद एकावर एक ठेवले तरी चित्र हलत नाही. तुमच्या कार्डालासुद्धा टोकाला मोठी भोकं असतात, सिलिंडरच्या खुंट्यांत बसायला. तुमचं एक कार्ड म्हणजे चादरीतला एक आडवा धागा, कुठले उभे धागे उचलायचे आणि कुठले नाही. एकट्या कार्डावर काहीच दिसत नाही. शेकडो कार्डं दोरीने ओवून एकामागून एक फिरली की मोर उतरतो. माझं पण एक चित्र म्हणजे काहीच नाही, सेकंदाला बारा चित्रं फिरली की माणूस चालायला लागतो. मी सात वर्षांची असताना तुम्ही मला ग्राफचे चौकोन लाल पेन्सिलने भरायला द्यायचात, चौकोन चुकला की मोराची चोच तुटते म्हणायचात. मी इथे नवीन काही शिकायला आले असं वाटत होतं मला. आणि लोक विचारायचे वडील काय करतात तेव्हा मी "टेक्स्टाईलमध्ये" एवढंच म्हणायचे. याचं मला फार वाईट वाटतंय, म्हणून सांगून टाकलं.

तर फिल्म तुमच्यावर आहे. कार्ड पंचिंग करणारा माणूस, पेटी वाजवल्यासारखी दोन्ही हातांची बोटं आणि खाली पाय, आणि भोकातून येणारा उजेड. बाकी मी अजून सांगत नाही. तीन मिनिटं म्हणजे २१६० चित्रं, दिवसाला वीस धरली तर १०८ दिवस. आई, जपमाळेएवढे. आजपासून धरलं तर एप्रिल संपता संपता होतील, त्यात कॉलेजचं बाकीचं चालू राहणारच, पण आता धावताना कुठे जायचंय ते माहीत आहे. म्हणून ती कार्डं देऊ नका. मला माहितेय कारखान्यात सगळं कॉम्प्युटरवर गेलं, आता ती कुठल्याच मागावर चढणार नाहीत, आणि माळ्यावर धूळ आहे, झुरळं आहेत. मोराचा तेवढा एक संच ठेवा, बाकीची देऊन टाका. नाही, शक्य असेल तर सगळीच ठेवा.

काकांना सांगा, "अजून कार्टूनच काढतेय का" असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं ते मला छोटीकडून कळलं. दादासाहेब फाळके १९०९ साली याच जर्मनीत छपाईचं तंत्र शिकायला आले होते, आणि नंतर त्यांनी आगकाड्या एकेक सरकवून अ‍ॅनिमेशनपण केलंय. तेव्हाही त्यांच्या घरच्यांना लोक बोललेच असतील. मला नोकरी मिळेल. आत्ताच्या आत्ता मिळेल असं म्हणत नाही, पण मिळेल.

पैशाचं. बेकरीत जानेवारीपासून तासाला १३.९० युरो झालेत, महिन्याला फार तर ६०३ मिळतात. व्हिसासाठी पैसे अडकवून ठेवलेल्या खात्यातून दर महिन्याला ९९२ च निघतात ते तुम्हाला माहीतच आहे, त्यात भाडं, विमा, खाणं भागतं, फी मी बेकरीतून बाजूला काढते, सेमिस्टरला १५००. तरी ४०० युरो साठलेत, ते या आठवड्यात पाठवते, चाळीस हजारांच्या आसपास होतील. अण्णा, परत पाठवू नका. ते लग्नासाठी नाहीत, आईच्या पाटल्या सोडवायला आहेत. सगळ्या सुटणार नाहीत, एक तरी सुटू दे, लग्नात आईच्या हातात काहीतरी पाहिजे. लोनचं व्याज या वर्षी तुम्ही भरताय, पुढच्या वर्षीपासून हप्ता माझा.

छोटे, साखरपुड्याला मी नाही. फेब्रुवारीत दोन परीक्षा आहेत आणि तिकीट दोनदा परवडत नाही. तू फोनवर "काय नाही गं, साधाच करायचाय" म्हणालीस तेव्हा तुझा आवाज मला कळला. लग्नाचं मात्र ऐक. १७ मेपासून अधिक महिना लागतोय म्हणून त्याच्या आतलाच मुहूर्त धरावा लागणार हे मला कळतं, आणि माझं फिल्मचं सबमिशनसुद्धा नेमकं त्याच आठवड्यात आहे. मी एक आठवडा आधी देऊ का म्हणून विचारलंय, पुढच्या सोमवारी सांगतील. तोवर आत्याला "येणार" म्हणून सांगू नका, आणि "नाही" म्हणूनही सांगू नका. आई, लग्न झाल्या झाल्या धोंड्याचा महिना, जावयाचं वाण पण आलं, त्याचं चांदीचं काय ते मला कळव, तो खर्च माझा.

आणि माझ्यासाठी ते पुण्याचं स्थळ आलंय त्यांना स्पष्ट नाही म्हणा. मुलगा चांगला असेल, मला त्याच्याबद्दल काही म्हणायचं नाही. "मोठीला ठेवून धाकटीचं कसं करताय" असं जे कोणी म्हणतंय त्यांना सांगा, मोठीने आनंदाने हो म्हटलंय. मी खरंच आनंदात आहे. आई, तू यासाठी रडू नको. अण्णांच्या ऑपरेशनच्या दिवशी मी इथे बसून पोत्याच्या उड्या काढत होते, ते मात्र माझ्या मनातून जात नाही.

परवा यात्रेत ६८ लिंगांना तैलाभिषेक, बुधवारी अक्षता. माझ्या वाटच्या अक्षता आईने टाकाव्यात. तिळगूळ घ्या, गोड बोला. शोभेच्या दारूकामाचा व्हिडिओ पाठवा, आवाजासकट.

तुमची,
मोठी

ता. क. छोटे, कार्डांचे फोटो काढशील तेव्हा खिडकीसमोर धर, उजेड भोकातून आरपार आला पाहिजे. आणि धरायला अण्णांना सांग, बोटं दिसू दे, मला ती काढायची आहेत. डोळ्यात औषध घालायची वेळ झालेली नसेल तेव्हाच.