लस घेतल्याचा एसएमएस आला, डेटा फुटल्याचा का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी वेबसाईटवरून लोकांची माहिती फुटली की पुढे काय होतं ते आता पाठ झालंय. आधी असं काही घडलंच नाही म्हणायचं, मग चौकशी चालू आहे म्हणायचं, तोवर दुसरी बातमी येते आणि आपण विसरतो.

जून २०२३ ला कोविनचं, म्हणजे कोविड लसीच्या नोंदणीच्या सरकारी वेबसाईटचं, तेच झालं. टेलिग्रामवर एक बॉट, म्हणजे आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम होता, त्यात मोबाईल नंबर टाकला की लस घेणाऱ्याचं नाव, ओळखपत्राचा नंबर, लस कुठल्या केंद्रावर घेतली, सगळं समोर. आमच्याकडे आई, बाबा, बायको सगळ्यांची नोंदणी माझ्याच नंबरवर केलेली, बऱ्याच घरांत तसंच केलं होतं कारण एका नंबरवर चार जणांची सोय होती, म्हणजे एक नंबर टाकला की अख्खं घर उघडं. आरोग्य मंत्रालय म्हणालं बातम्या निराधार आणि खोडसाळ आहेत. आणि त्याच महिन्यात दिल्ली पोलिसांनी याच प्रकरणात बिहारमधून एकाला उचललं. आता काही घडलंच नव्हतं तर अटक कशाबद्दल केली बुवा?

माझा मुद्दा साधा आहे. पहिला डोस, दुसरा डोस, सर्टिफिकेट डाउनलोड करा, सगळ्याचे एसएमएस अगदी वेळेवर आले. म्हणजे नंबर यांच्याकडे आहेत आणि मेसेज पाठवताही येतो. मग तुमची माहिती बाहेर गेली असू शकते, सांभाळून राहा, एवढी एक ओळ पाठवायला काय अडचण होती? मला तरी तसला मेसेज आलेला नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ८१.५ कोटी भारतीयांचा डेटा डार्क वेबवर, म्हणजे इंटरनेटच्या चोरबाजारात, विकायला ठेवल्याचं एका अमेरिकन कंपनीने सांगितलं, त्याआधी २०२२ ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडून पेशंटचे केसपेपर हाताने लिहायची वेळ आली होती. आणि २०१८ चं तर विसरूच नका, ट्रिब्यून या इंग्रजी पेपरच्या पत्रकार बाईंनी ५०० रुपये देऊन १० मिनिटांत आधारच्या डेटाचं लॉगिन मिळवून दाखवलं, तर आधारवाल्यांनी केलेल्या एफआयआरमध्ये त्यांचंच नाव! चोरी दाखवणाऱ्यावरच आधी केस, ही आपल्याकडची रीत.

बरं विचारायचं कुणाला? असल्या प्रकरणांचा तपास करणारी सरकारी संस्था म्हणजे सर्ट-इन, तिला नोव्हेंबर २०२३ मध्ये माहिती अधिकाराच्या कक्षेतूनच बाहेर काढलं. नंतर डेटा संरक्षण कायद्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ ला, त्यात गंमत बघा. माहिती फुटली तर प्रत्येकाला कळवायचं हे बंधन लागू व्हायला १८ महिने, म्हणजे २०२७ चा मे उजाडणार, पण त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) ला लावलेली कात्री मात्र लगेच लागू. पूर्वी वैयक्तिक माहिती जनहितासाठी द्यायची वाट त्याच कलमात होती, आता वैयक्तिक आहे म्हटलं की विषय संपला. सरकार म्हणतं त्याच माहिती अधिकार कायद्यात कलम ८(२) आहे ना, त्यात जनहित बघता येतं. असेल, पण तालुक्याच्या ऑफिसात अर्ज घेऊन उभं राहून बघा, साहेब आधी नाही म्हणतात आणि मग तुम्ही अपिलं करत बसा. घरकुलाची यादी मागितली तरी आता ती कुणाची तरी वैयक्तिक माहिती निघेल. ज्या महाराष्ट्रात केंद्राच्या आधी, २००२ लाच माहिती अधिकाराचा कायदा आला तिथे हे मुकाट्याने बघायचं?

शिवाय केंद्राला वाटलं तर आपल्या एखाद्या खात्याला डेटा संरक्षण कायद्यातून पूर्ण सूट देता येते. डेटा फुटला तर खाजगी कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड, तोही जाणार सरकारी तिजोरीत, ज्याचं नुकसान झालं त्याला एक रुपया नाही. आयटी कायद्यात नुकसानभरपाईचं ४३ए कलम होतं, तेही निघणार आहे.

मध्यंतरी दाखल्यासाठी एका सरकारी ऑफिसात गेलो होतो. मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी, त्यावर लॉगिन आणि खाली पासवर्ड, आणि त्या खुर्चीवर कधी क्लार्क तर कधी त्याचा ओळखीचा पोऱ्या. आपण मात्र ओटीपी कुणाला सांगू नका हे कॉलर ट्यूनवर ऐकायचं.

तुमच्या पेपरने आपल्या भागातल्या खासदारांकडे दोनच गोष्टी लावून धराव्यात ही विनंती. कोविन प्रकरणाचा तपास अहवाल सगळा वेबसाईटवर टाका, कुठल्या अधिकाऱ्याची जबाबदारी होती त्याच्या हुद्द्यासकट. आणि सरकारी खात्यांनी डेटा फुटल्याचा एसएमएस लोकांना पाठवायला मे २०२७ ची वाट बघू नये, त्याला काही नवा कायदा लागत नाही. खासदार काय म्हणाले ते छापा, काहीच बोलले नाहीत तर तेही छापा.

आपला,
एक वाचक, सातारा