रुपयाचे चिन्ह चित्र नको, अक्षरच हवे

महोदय,

रुपयाचे ₹ हे चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांतील प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाण तक्त्याच्या, ६.० आवृत्तीत दाखल झाले. तरीही कोटेशन, पावत्या, निविदा, संस्थांची परिपत्रके यांत रकमेच्या आधी कुठे रिकामी चौकट दिसते, कुठे प्रश्नचिन्ह, तर कुठे एक तिरपी बारीक खूण. दोष टंकलेखकाच्या आळसाचा नाही. हे चिन्ह कीबोर्डवरून कसे उमटवायचे, हे त्याला कुणी नीट दाखवलेलेच नसते.

आधी त्या तिरप्या खुणेविषयी. २०१० साली चिन्ह जाहीर झाले तेव्हा घाईघाईने काही फॉन्ट निघाले. इंग्रजी १ च्या डावीकडच्या बटणावर जी तिरपी खूण असते, तिच्या जागी त्यांत रुपयाची आकृती बसवली होती. पडद्यावर रुपया दिसायचा, पण फाइलमध्ये साठायची ती तिरपी खूणच. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की खरे रूप बाहेर येते. त्या काळचे नमुने आजही कॉपी-पेस्ट होत फिरत आहेत. चिन्हाचे छोटे चित्र चिकटवणे हा तर त्याहून वाईट उपाय: ते शोधात सापडत नाही, अक्षराच्या आकाराबरोबर लहानमोठे होत नाही आणि अंध वाचकाला मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडर प्रोग्रॅमला वाचता येत नाही.

विंडोजवर खरा उपाय दोन मिनिटांचा आहे. आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर कीबोर्ड ‘इंग्लिश (यूएस)’ असतो आणि त्यात रुपया नाही. सेटिंग्जमधल्या ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये जाऊन ‘इंग्लिश (इंडिया)’ ही भाषा जोडावी. ती आधीच दिसत असेल तरी तेवढ्यावर थांबू नये. तिच्या ‘लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये कीबोर्ड कोणता आहे ते पाहावे, कारण भाषा इंडिया आणि कीबोर्ड मात्र यूएस अशी जोडी सर्रास आढळते. तिथे ‘इंग्लिश (इंडिया)’ कीबोर्ड जोडला की उजवीकडचे ऑल्ट दाबून ४ दाबायचे, रुपया उमटतो. डावे ऑल्ट चालत नाही. उजवे बटण नसेल तर कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबून ४. इंग्रजी अक्षरे जागच्या जागी राहतात, त्यामुळे हाताचे वळण बदलावे लागत नाही. एकापेक्षा जास्त कीबोर्ड असतील तर विंडोज बटण आणि स्पेसबारने ते बदलतात. उजवे ऑल्ट आणि ४ दाबून युरो (€) आला, तर चुकून ‘इंग्लिश (युनायटेड किंगडम)’ निवडले गेले आहे असे समजावे. त्याची आणखी एक खूण म्हणजे शिफ्ट आणि ३ दाबल्यावर पौंड (£) येतो.

दुसऱ्याच्या संगणकावर सेटिंग बदलणे शक्य नसेल तर वर्डमध्ये रुपयाचा युनिकोड संकेतांक, म्हणजे २०बी९, रोमन अक्षर-अंकांत (20B9) लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबावे. इथे दोन ठिकाणी घोटाळा होतो. मराठी कीबोर्ड चालू असेल तर देवनागरी अंक उमटतात आणि काहीच घडत नाही. आणि संकेतांक मागच्या इंग्रजी शब्दाला चिकटून लिहिला, तर त्या शब्दाच्या शेवटची ए ते एफ यांपैकी अक्षरेही संकेतांकात धरली जातात. म्हणून आधी एक जागा सोडावी.

ऑल्ट दाबून धरून आकडे टाइप करण्याच्या जुन्या पद्धतीत सर्वाधिक चुका होतात. आकडे उजवीकडच्या स्वतंत्र अंकपट्टीवरचेच हवेत आणि नम लॉक चालू हवे. सुरुवातीचे शून्य गाळू नये: ०१६३ ने पौंड येतो, नुसत्या १६३ ने डोक्यावर तिरपी रेघ असलेला यू. शून्य नसेल तर विंडोज डॉस या आपल्या आधीच्या प्रणालीच्या अक्षरतक्त्यात पाहते, शून्य असेल तर स्वतःच्या तक्त्यात. युरोसाठी ०१२८, येनसाठी ०१६५, अंशाच्या चिन्हासाठी ०१७६, गुणिलेसाठी ०२१५. रुपयाचा तोच संकेतांक नेहमीच्या दशमान अंकांत ८३७७ होतो, पण तो वर्डसारख्या मोजक्या प्रोग्रॅममध्येच चालतो. इतरत्र २५६ ने भागून उरलेली बाकी, म्हणजे १८५, वापरली जाते आणि रुपयाऐवजी चौकटीच्या रेघांचा तुकडा उमटतो. ही पद्धत रुपयासाठी शिकवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लिनक्सच्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबून २०बी९ लिहावे व एंटर करावे. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस दाबले की सर्व चिन्हांची खिडकी उघडते.

एक्सेलमध्ये रकमेआधी हाताने ₹ टाइप करूच नये. संगणकाचे ‘रीजन’ भारताचे नसेल तर एक्सेल तो मजकूर समजते आणि बेरीज शून्य दाखवते. नुसता आकडा लिहावा, कंट्रोल आणि १ दाबून ‘करन्सी’मध्ये चिन्ह निवडावे. फाइल साध्या ‘सीएसव्ही’ (स्वल्पविरामांनी विभागलेला नुसता मजकूर) प्रकारात जतन केली तर रुपयाचे प्रश्नचिन्ह होते, कारण त्या प्रकारात वापरल्या जाणाऱ्या जुन्या अक्षरतक्त्यात हे चिन्हच नाही. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडावे.

एसएमएसची गोष्ट उलटी आहे. इंग्रजी संदेशाच्या मूळ अक्षरसंचात पौंड, येन, डॉलर आहेत, रुपया नाही. एक ₹ घातला की सगळा संदेश युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा १६० अक्षरांवरून ७० वर येते. मोठ्या संख्येने इंग्रजी संदेश पाठवणाऱ्यांनी तिथे ‘आरएस’ ही रोमन अक्षरे लिहिली तर त्यांना नावे ठेवू नयेत. मराठी संदेशाची मर्यादा मुळातच ७० असल्याने त्यात ₹ बिनधास्त वापरावा.

टंकलेखन वर्गांनी इंग्लिश (इंडिया) कीबोर्ड पहिल्याच आठवड्यात शिकवावा आणि वृत्तपत्रांनी जाहिरातीचा मजकूर स्वीकारतानाच चिन्ह तपासावे, अशी आमची विनंती आहे. मजकुरातले चिन्ह कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करावे. तिथे ₹ दिसला तर ते खरे अक्षर. तिरपी खूण आली तर जुन्या फॉन्टची करामत. काहीच उमटले नाही तर ते चित्र.

आपले,
संगणक टंकलेखन शिकवणारे काही वाचक