मातीची गिरणी कोकणच्या मातीला साजेशी हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

राजापूर तालुक्यात नदीकाठच्या मळ्यात आमच्या घरची वीटभट्टी वडिलांच्या काळापासून लागते. तुळशीचे लग्न आटोपून भात घरात आले की माती काढायची, थंडी सरता सरता विटा पाडायच्या आणि मृगाच्या आत भट्टी मोकळी करायची, असा हा धंदा. त्यात आता यंत्रे आली आहेत आणि ती यावीत असेच माझे मत आहे, कारण गुडघाभर गाऱ्यात उभे राहून चिखल तुडवण्यात मजुरांच्या दोन पिढ्यांची कंबर गेलेली मी जवळून पाहिली आहे. परंतु माती आणि वाळू दळण्याची जी यंत्रे आमच्या भागात घेतली जातात, त्यांतील बरीचशी येथील माती न पाहता निवडलेली असतात. त्याचा भुर्दंड वीट पाडणाऱ्याला, त्या विटांच्या घरात राहणाऱ्याला आणि शेजारच्या बागायतदाराला सोसावा लागतो. म्हणून हा पत्रप्रपंच.

माती दळायची कशासाठी, हा प्रश्न पुष्कळांना अनावश्यक वाटतो. पूर्वी माती काढून ढिगात मुरत ठेवली जाई, तिच्यावर पाणी मारले जाई आणि ढेकळे आपोआप विरत. हाताने पाडलेल्या विटांसाठी भारतीय मानक संस्थेचे आयएस 2117 हे मार्गदर्शक मानक आहे. त्यात मातीमध्ये चिकणमाती 20 ते 30 टक्के, पोयटा 20 ते 35 टक्के आणि वाळू 35 ते 50 टक्के असावी असे सांगितले आहे. हे प्रमाण कागदावर जुळले, पण चिकणमाती ढेकळांच्या रूपात एका बाजूला आणि वाळू दुसऱ्या बाजूला राहिली, तर वीट एकजीव होत नाही. ढेकूळ सुकताना आक्रसते, भोवतालची वाळूमिश्रित माती तितकी आक्रसत नाही आणि सावलीत ठेवलेल्या कच्च्या विटेलाही तडा जातो. मुरवण्याला जे आठवडे लागत, ते काम यंत्र काही मिनिटांत करते. त्याचे मोल एवढेच आहे, आणि ते थोडे नाही.

कोकणात याला आणखी एक कारण आहे आणि ते घाटावरच्या विक्रेत्याला सहसा ठाऊक नसते. खाडीच्या जवळची माती वापरली तर तिच्यात शिंपल्यांचे तुकडे असतात. शिंपला म्हणजे चुनखडीच. भट्टीत तो भाजला की त्याचा कळीचा चुना होतो आणि भट्टी उतरवल्यावर हवेतला दमटपणा शोषून तो फुगतो. बाहेरून टणक, लालबुंद दिसणारी वीट मग महिन्या-दोन महिन्यांत टवका उडून पांढरा डोळा दाखवते, किंवा सरळ दुभंगते. आमच्या वडिलांनी एका वर्षी अशी अर्धी भट्टी भरावात टाकलेली मला आठवते. त्या वेळी दोष भाजणीला दिला गेला, खरा दोष मातीतल्या बोटभर शिंपल्यांचा होता. हाच शिंपला दळून त्याची बारीक पूड मातीत सर्वत्र पसरली, तर फुगण्याचा जोर एका जागी राहत नाही आणि वीट वाचते. अर्थात मातीत शिंपला फार असेल तर दळूनही उपयोग नाही, ती माती सोडूनच द्यावी.

जांभ्याच्या मातीची गोष्ट याहून वेगळी. तिच्यात लोहाचे वाटाण्याएवढे कठीण खडे असतात. ते हाताने फुटत नाहीत, पाण्यात विरत नाहीत आणि कच्च्या विटेत राहिले तर भोवतालची माती आक्रसून त्यांच्याभोवती केसासारख्या भेगा पडतात. आपल्याकडे पावसाची झड भिंतीवर महिनोन् महिने बसते. साध्या भाजक्या विटेने चोवीस तासांत आपल्या वजनाच्या 20 टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये, अशी आयएस 1077 या मानकाची अट आहे. भेगाळलेली वीट ही अट कशी पाळणार? ज्यांनी श्रावणात घराच्या पश्चिमेच्या भिंतीवरचा ओलावा आतल्या बाजूला उतरताना पाहिला आहे, त्यांना या टक्केवारीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

आता यंत्राविषयी. सहा वर्षांपूर्वी मी हातोड्यांची गिरणी, म्हणजे हॅमर मिल घेतली. वेगाने फिरणाऱ्या आसाला लोंबते हातोडे असतात, ते मातीला ठोकून बारीक करतात आणि खालच्या जाळीतून चाळून माल बाहेर पडतो, अशी तिची रचना. प्रात्यक्षिक मी घाटावर, भर उन्हात, कोरड्या ठणठणीत मातीवर पाहिले होते आणि ते पाहून खरोखर समाधान झाले होते. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात जाळी बुजली. आमच्याकडे पौषात पहाटेचे दव पडते, माती वरून कोरडी दिसली तरी पोटात ओल धरून असते, आणि अशी माती ठोकली की ती फुटत नाही, थापली जाते. जाळीची छिद्रे लिंपून जात, मोटर तापे, आणि दोन माणसे दिवसभर पहारीने जाळी खरवडत बसत. उरलेले काम लोहाच्या खड्यांनी केले. एका हंगामात हातोड्यांच्या कडा गोल झाल्या. विक्रेत्याकडे तक्रार केली तेव्हा माती वाळवून घाला असे उत्तर मिळाले. माती वाळवायला कोकणात अंगण किती आणि ऊन किती, हे त्यांनी विचारले नव्हते आणि मीही घेताना सांगितले नव्हते.

दमट, चिकट मातीला दोन रुळांचे यंत्र, ज्याला रोलर क्रशर म्हणतात, ते अधिक मानवते. दोन जड रूळ एकमेकांच्या दिशेने फिरतात, त्यांचा वेग मुद्दाम थोडा वेगळा ठेवलेला असतो, त्यामुळे मधल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीत माती नुसती दाबली जात नाही तर चिरडून फाटते. रुळांना चिकटलेली माती खरवडून काढण्यासाठी बाजूला पट्ट्या असतात. जाळीच नसल्याने बुजण्याचा प्रश्न येत नाही. या यंत्राचेही तोटे आहेत आणि ते सांगितले पाहिजेत. मोठे ढेकूळ ते एकदम घेत नाही, ते आधी फोडावे लागते. रूळ मध्यभागी झिजले की फट असमान होते आणि ते पुन्हा खरादून घ्यावे लागतात. मातीतून एखादा खिळा किंवा जेसीबीच्या बादलीचा तुटलेला दात आत गेला तर रुळाला खाच पडते, म्हणून माती नेणाऱ्या पट्ट्यावर लोहचुंबक बसवणे ही चैन नसून गरज आहे. त्यानंतर माती पगमिलमध्ये, म्हणजे चिखल मळणाऱ्या यंत्रात, पाण्यासह मळली गेली की गारा लोण्यासारखा निघतो. चिखल यंत्राने मळण्याची ही रीत आपल्या किनाऱ्याला नवी नाही. 1865 मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि त्या धर्तीच्या कौलांनी पुढे सगळ्या कोकणाची घरे शाकारली. त्या कौलाचा एकजीवपणा मातीच्या तयारीतून आलेला आहे.

वाळूविषयी मी थोडक्यात लिहितो. खाडीच्या वाळूत मीठ असते, ते विटेत गेले की भिंतीला लोणा लागतो. शिवाय किनारी नियमन क्षेत्रात वाळू काढण्यावर निर्बंध आहेत आणि ते असलेच पाहिजेत. म्हणून काही जण दगडापासून वाळू करणारे यंत्र विटांसाठी स्वतंत्रपणे घेण्याचा विचार करतात. माझ्या मते हा खर्च व्यर्थ आहे. काँक्रीटसाठी कृत्रिम वाळू करताना खडी क्रशरवर जी अतिबारीक भुकटी नको म्हणून वेगळी काढली जाते, तीच कच विटेच्या मातीत चिकणपणा कमी करण्यासाठी चालते. एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल होत असेल तर नवे यंत्र कशाला?

ज्या ढिगांसाठी हे पत्र लिहावेसे वाटले, ते मात्र चिरेखाणींचे आहेत. चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड, यंत्राने कापला जाऊ लागल्यापासून भुकटी आणि तुटके तुकडे यांचे डोंगर खाणींच्या कडेला साचले आहेत. पहिल्या पावसात ही लाल भुकटी वाहून पऱ्ह्यात उतरते, तिथून भाताच्या खाचरांत जाते आणि चांगल्या जमिनीवर लाल साय धरते. या दगडाला इंग्रजीत लॅटेराइट हे जे नाव आहे, ते ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात हा दगड विटांसारखा कापला जात असल्याचे पाहून 1807 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात दिले, आणि त्याचे मूळ वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. ज्या दगडाच्या नावातच वीट आहे, त्याची भुकटी आपण शेतात वाहू देतो, ही गोष्ट मला दरवर्षी खटकते. हे तुकडे दळून, पाच मिलिमीटरच्या चाळणीतून काढून, त्यात वजनाच्या सहा ते आठ टक्के सिमेंट मिसळून दाबयंत्रात ठोकळे काढता येतात. आयएस 1725 हे मानक अशाच ठोकळ्यांसाठी आहे. त्यांना भट्टी लागत नाही, म्हणजे लाकूडही लागत नाही, फक्त एकवीस ते अठ्ठावीस दिवस ओले ठेवावे लागतात. प्रत्येक खाणीची भुकटी सारखी नसते. काहींत चिकण अंश जास्त असतो, तिथे कच मिसळावी लागते, आणि ते आधी तपासूनच ठरवावे लागते.

दळणे म्हटले की धूळ आली. खडी क्रशरवर पाण्याचे फवारे मारून धूळ बसवता येते, पण मातीवर तोच उपाय केला की ती चिकटते आणि यंत्र बंद पडते. म्हणून मातीच्या गिरणीला बंदिस्त आवरण आणि धूळ ओढून घेणारा पंखा हवा. उघड्यावर, तोंडाला पंचा बांधून हे काम करणाऱ्या माणसांच्या फुप्फुसांची जबाबदारी यंत्राच्या मालकाची आहे. कातळ कुठला आहे यावरही धोका ठरतो. रत्नागिरीकडच्या काळ्या बसाल्टमध्ये मोकळी स्फटिक सिलिका नगण्य असते, पण सिंधुदुर्गात कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्याच खाणी आहेत. त्या जातीचा दगड किंवा वाळू कोरडी दळली तर सिलिकोसिस हा सिलिकेच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा रोग होऊ शकतो आणि तो बरा होत नाही. कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीतही या रोगाची नोंद होती. केंद्र सरकारच्या 22 फेब्रुवारी 2022 च्या अधिसूचनेने वीटभट्टी वस्तीपासून आणि फळबागांपासून किमान 0.8 किलोमीटर दूर असावी असे ठरवले. ही अट भट्टीसाठी असली तरी धुळीचा न्याय गिरणीलाही तोच लावावा. आमचा हंगाम आणि आंब्याच्या मोहोराचा हंगाम एकच असतो, आणि मोहोरावर धूळ बसली की शेजाऱ्याचे वर्ष जाते. ज्याच्या विहिरीचे पाणी आपण पितो, त्याच्या बागेत धूळ पाठवून धंदा करणे मला मान्य नाही.

मागणी मोठी नाही. आपल्याकडे प्रत्येकाने भाताची गिरणी घरी घेतली नाही, गावाने एक घातली आणि सर्वांनी आपापले भात तिथे नेले. मातीचेही तसेच करता येईल. चार-पाच गावांमागे एक बंदिस्त रोलर क्रशर आणि एक चाळण, चिरेखाणींच्या जवळ, बागा आणि वस्त्या यांच्यापासून दूर, सहकारी संस्थेने किंवा बचत गटांच्या संघाने चालवावी आणि दळणावळ घ्यावी. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून यंत्रासाठी अर्थसाहाय्य मिळते. जिल्हा उद्योग केंद्राने अशा अर्जासोबत यंत्राच्या दरपत्रकाबरोबर मातीचा तपासणी अहवालही मागावा. रत्नागिरी आणि मालवण येथे शासकीय तंत्रनिकेतने आहेत. तिथे आठवड्यातला एक दिवस वीट आणि ठोकळेवाल्यांच्या मातीच्या तपासणीसाठी, माफक शुल्क घेऊन, राखून ठेवावा. महसूल विभागाने खाणीवर पडलेल्या टाकाऊ भुकटीची वाहतूक अशा गिरणीपर्यंत सोप्या परवान्याने होऊ द्यावी, आणि त्या परवान्याआड चांगला चिरा किंवा मुरूम जात नाही ना, याची तपासणीही तेवढीच कडक ठेवावी.

नवी यंत्रे साधारण दसऱ्याच्या सुमारास घेतली जातात. त्याआधी ही सोय झाली तर या हंगामात काही कुटुंबांचे कर्ज वाचेल. तपासणी सुरू झाल्याचे कळताच माझ्या मळ्यातली आणि शेजारच्या दोन चिरेखाणींवरची अशा तीन पोत्यांची माती मी स्वतः रत्नागिरीला घेऊन येईन, आणि जो अहवाल मिळेल तो, माझ्या समजुतीच्या विरुद्ध असला तरी, तालुक्यातल्या इतर वीट व्यावसायिकांना दाखवीन.

आपला,
एक वीट व्यावसायिक,
राजापूर तालुका, जि. रत्नागिरी