पासबुक आणि बी-१२

पुणे, २३ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांच्या दुखण्याचा, म्हणजे बी-१२ व्हिटॅमिन कमी झाल्याचा, विषय काढला की बाबा "बरं बरं, ठेव आता" म्हणतात आणि आई मागून "जेवलीस का?" विचारते. म्हणून पत्र. दोघांनी बसून वाचा. बाबा, चष्मा सापडला नाही तर आईला वाचायला सांगा. आणि आई, मधलं काही गाळायचं नाही.

दिवाळीत बाबांनी पासबुक चोरल्याचा आळ माझ्यावर घेतला, ते मला फार लागलं. देव्हाऱ्याखालच्या खणात ते सापडलं तरी बाबा म्हणाले, "आता ठेवलंस तिथं." मी दुसऱ्याच दिवशी पहाटेची एसटी धरली आणि दहा दिवस फोन केला नाही. माणूस म्हातारपणी संशयी होतो, मूळ स्वभाव वर येतो, असं मनाशी ठरवून टाकलं होतं. बाबा न्हाणीघरात पडले नसते तर अजून तसंच धरून बसले असते.

त्या पडण्यातच खरी खूण होती. आई, तू सांगितलंस, तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले आणि तोल गेला. डॉक्टरांनी हे ऐकताच मान वर केली. आपले पाय कुठे आहेत हे पायातल्या नसा मेंदूला कळवत असतात. त्या मंद पडल्या की माणूस डोळ्यांच्या आधाराने उभा राहतो, आणि डोळे मिटले की आधार सुटतो. मग एकेक आठवत गेलं. तळपायांची आग, म्हणून तू रोज रात्री काशाची वाटी घासतेस. पायाला मुंग्या. आणि कोल्हापूरचा माणूस मिसळीचा कट बाजूला सारून "जिभेला झोंबतंय" म्हणतो, तेव्हाच आपण दचकायला हवं होतं. जीभ गुळगुळीत, लाल झाली होती. गेल्या वर्षी ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी "वय झालं, चालायचंच" म्हणून घरी पाठवलं, आणि आपणही ते लगेच मानलं.

रिपोर्टात बी-१२ आलंय ११८. साधारण २०० च्या खाली गेलं की कमी धरतात.

बाबा, तुम्ही तीस वर्षं वीज मंडळात काढलीत, तुम्हाला सांगायला सोपं आहे. नसांवर वायरीवरच्या प्लास्टिकसारखं एक आवरण असतं. ते धड राहायला बी-१२ लागतं. ते झिजलं की करंट नीट पोचत नाही. पायात झालं की मुंग्या, मेंदूत झालं की विसर, चिडचिड, उदासी, कधी कधी संशयसुद्धा. यासाठी रक्त आधी कमी व्हायलाच हवं असंही नाही. तुमचं हिमोग्लोबिन बरं होतं, म्हणून तर कुणाला शंका आली नाही. आई, तू तुझ्या डब्यातल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बाबांना "शक्तीच्या" म्हणून देत होतीस ना? तुझा हेतू चांगलाच होता, पण नुसत्या फॉलिकने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. आता डॉक्टर सांगतील तेवढंच.

तांबड्या-पांढऱ्याच्या गावात हे झालं कसं, असं काकू विचारत होत्या. चार वर्षांपूर्वी बाबा आषाढीला पंढरपूरहून माळ घालून आले, तेव्हापासून आपल्या घरात मटण शिजलं नाही, अंडंही नाही. बी-१२ भाजीत, डाळीत, भाकरीत मिळत नाही. ते मिळतं मटण, मासे, अंडी आणि दुधा-दह्यातून. शरीर ते यकृतात साठवून ठेवतं आणि ती शिल्लक काही वर्षं पुरते, म्हणून लगेच कळत नाही. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन बारा वर्षं, आणि रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी. दोन्हींमुळे अन्नातलं बी-१२ अंगी लागायला अडथळा येतो. वयाने पोटातलं आम्लही कमी होतं. म्हणजे जमा कमी आणि खर्च चालूच. पण म्हणून साखरेची गोळी मनाने बंद करायची नाही, बाबा. आणि माळ काढा असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला पूर्वी मला सायकलवर पुढे बसवून न्यायचात, ते पुन्हा सुरू करा की, फक्त दूध उकळून घरी प्या. पण एका पेल्यातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं, आणि रोजची गरज दोनाच्या थोडी वर आहे. रिकामं झालेलं खातं त्याने भरत नाही. त्याला इंजेक्शनंच लागणार.

आपलं घर काही जगावेगळं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बी-१२ च्या कमतरतेवर कित्येक वर्षं काम केलंय. आपल्याकडे ती किती सर्रास आहे, हे त्यांच्यासारख्यांमुळेच कळलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी "मन कसं असतं?" विचारलं तेव्हा बाबा कडाडले, "मला काय खूळ लागलंय व्हय?" बाबा, खूळ वगैरे काही नाही. पण जेवणाचा आणि मनाचा संबंध हे आजकालचं फॅड आहे असंही समजू नका. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत वेड्यांची इस्पितळं पेलाग्राच्या रोग्यांनी भरलेली असायची. अंगावर चट्टे, जुलाब आणि भ्रमिष्टपणा. लोकांना तो संसर्ग वाटायचा. जोसेफ गोल्डबर्गर नावाच्या डॉक्टरने १९१४ पासून खटपट करून दाखवलं की दोष नुसत्या मक्यावर जगण्याचा आहे. कमी पडत होतं ते नायसिन, म्हणजे बी-३, हे १९३७ मध्ये कळलं. आपल्या दख्खनमध्ये फक्त ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांतही हा रोग दिसायचा. हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी त्याचा अभ्यास केला. (आई, भाकरी बंद करू नकोस! सोबत डाळ, दूध, शेंगदाणे असले की काही होत नाही.)

पण उलट टोकही गाठायचं नाही. आता काकू म्हणतात सगळं डी-व्हिटॅमिनमुळे, आणि ६० हजार युनिटची पुडी रोज घ्या. ती रोज घ्यायची नसते, बहुतेकदा आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच. जास्त झाली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून भलतंच दुखणं मागे लागतं. आणि अमेरिकेत पन्नाशी पुढच्या १८ हजारांवर लोकांपैकी साधारण निम्म्यांना पाच वर्षं डी आणि बाकीच्यांना नुसती खोटी गोळी देऊन पाहिलं, नैराश्य टळलं नाही. ज्यांच्यात व्हिटॅमिन कमी त्यांच्यात उदासी जास्त दिसते, हे खरं. पण उदास माणूस धड जेवत नाही, उन्हात जात नाही, मग आधी काय आणि नंतर काय, हे कोण सांगणार? रंकाळ्यावरची फेरी बाबांनी सोडली ती पायांमुळे, की दोन मित्र एकाच वर्षात गेले म्हणून? मला वाटतं दोन्ही. दुसऱ्या कारणाला इंजेक्शन नाही.

म्हणून ठरवूया. इंजेक्शनं डॉक्टरांनी लिहिलीत तशी पूर्ण घ्यायची. तीन झाली आणि "आता बरं वाटतंय" म्हणून थांबायचं नाही. रक्त लवकर सुधारतं, नसांना महिने लागतात, आणि उशीर झाला तर थोडं काही कायमचं राहूनही जातं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तेव्हाही झोप नसेल, मन लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. मी सोबत येईन. आणि आई, कधी रात्री बाबांचं बोलणं ऐकून घाबरलीस तर १४४१६ ला फोन लाव. टेली-मानस म्हणून सरकारची मोफत सेवा आहे, मराठीतही बोलतात. दृष्ट काढायची तर काढ, पण फोन आधी.

आता तुझं. सोमवार, गुरुवार, शनिवार, वर एकादशी, आणि उरलेल्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यातलं उरलंसुरलं. साबुदाण्यात बी-१२ औषधालाही नसतं. दुधाची साय बाबांना, दही मला, आणि तू बिनदुधाच्या चहावर. मी शनिवारी येतेय. सकाळी तुझंही रक्त द्यायचं. "मला काय झालंय?" हे वाक्य मी ऐकणार नाही. गेल्या महिन्यात दोनदा गॅस चालू राहिला, हे शेजारच्यांनी सांगितलंय मला.

बाबा, दहा दिवस फोन केला नाही, त्याबद्दल माफ करा. पासबुक आता कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. आईसमोर ठेवलंय.

तुमची,
लेक

ता. क. आई, काशाची वाटी बंद करू नकोस. त्याने बी-१२ वाढत नाही, पण तेवढा वेळ बाबा तुझं सगळं ऐकून घेतात, असं तूच म्हणाली होतीस.